हुकूम सुटला, काम झालं का?

जिंतूरकडचा शेतकरी रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइलवरून विहिरीवरची मोटार चालू करतो. त्याच घटकेला पुण्यात त्याचा पोरगा खुर्चीत बसल्याबसल्या अमेरिकेतल्या चारशे सर्व्हरवर कमांड मारतो. दोघंही दूरच्या यंत्राला हुकूम सोडतात. बाप नंतर चौकशी करतो, पाणी आलं का? पोरगा करत नाही. त्याच्या स्क्रीनवर हिरवी ओळ आलेली असते.

हिरव्या ओळीनं ऊस भिजत नाही, हे बापाला ठाऊक आहे.

मोबाइल स्टार्टर ही काही चैन नव्हे. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की अंधारात बांधावरून जायचं. वाटेत साप, विंचू आणि पेटीशी उघडी वायर. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ काढलं. फोनवरून पंप चालू, फोनवरून बंद. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. पण त्यातली खरी मेख चालू-बंदमध्ये नव्हती. वीज आहे का, मोटार चालतेय का, हे ते उलट कळवतं.

म्हणजे शेतकऱ्याला उत्तर लागतं. पॅकेजवाल्या इंजिनिअरला पोच पुरते.

परभणी, मानवत, पाथरी, गंगाखेड. कुठलंही गाव घ्या. रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुण्याला गेलेली पोरं हिंजवडीत नाही तर खराडीत ‘डेव्हऑप्स’ करतात. आई शेजारणीला सांगते, कंपनीत आहे. बापाचं तेवढ्यावर भागत नाही.

"काय करायलास रे रातभर?"

"कमांड मारायलोय अण्णा. चारशे मशिनीवर, एकदम."

"आन् सगळ्याला लागली का?"

"लागली की. टूलच सांगतंय."

"टूल सांगतंय. मशीन काय म्हणतंय?"

हा प्रश्न सर्टिफिकेटच्या परीक्षेत येत नाही. नोकरीत येतो, तोही पहाटे चारला.

टूलचं नाव ॲन्सिबल. २०१२ मध्ये मायकेल डिहान यांनी लिहिलं, २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलं. कामाची यादी एका फाइलमध्ये मांडायची, तिला प्लेबुक म्हणायचं, खाली एंटर मारायचं. चार मशीन असोत की चार हजार, यादी सगळीकडे पोचते. हे नाव उर्सुला ल ग्विन यांच्या १९६६ च्या एका विज्ञान कादंबरीतलं आहे. कितीही अंतरावर क्षणात निरोप पोचवणारं काल्पनिक यंत्र.

नाव कादंबरीतून घेतलं, ठीक. निकालही तिथूनच घ्यायचे?

निरोप जातो एसएसएचवरून. त्याची जन्मकथा झकास आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तातू यल्योनेन यांनी ते लिहिलं. चोरी झाली म्हणून पक्कं कुलूप बनवणारा माणूस. पहिल्या भेटीत ते विचारतं, हे मशीन ओळखीचं आहे का? खाली अक्षरांची लांबलचक माळ दाखवतं. ती माळ जुळवून पाहिलेला इसम तुमच्या ओळखीत आहे? ‘येस’ टाकायचं, पुढं जायचं. ऑटोमेशनवाल्यांना तेवढंही जड झालं.

त्यांनी प्रश्नच बंद करून टाकला.

आता शेलकडे येऊ. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून यंत्राला जुंपायची ही जुनी रीत. ॲन्सिबलची स्वतःची कागदपत्रं कानीकपाळी ओरडतात, की ज्या कामाला तयार मॉड्यूल आहे तिथं तेच वापरा. नसेल तर ‘कमांड’. अगदीच अडलं तर ‘शेल’. पोरं यादी खालून वाचतात.

का वाचणार नाहीत? शेलची ओळ कालच कुणीतरी पाठवलेली असते. कॉपी, पेस्ट, चहा.

फरक काय पडतो? तयार मॉड्यूल आधी पाहतं, हवं ते आहे का. असेल तर हात लावत नाही. दहा वेळा चालवा, निकाल एकच. शेल काही पाहत नाही. सांगितलं ते करतं. समजा एखाद्या फाइलच्या शेवटी एक ओळ जोडायची आहे. ‘इको’ लिहिलं, दोन बाण काढले, ओळ गेली. छान. आता हेच रोज रात्री आपोआप चालू द्या. वर्षाअखेर त्या फाइलीत तीच ओळ तीनशे पासष्ट वेळा. टूलचा अहवाल रोज पिवळ्या अक्षरांत म्हणतो, ‘चेंज्ड’.

खोटं कुठं बोलतंय? रोज बदललंयच की.

तालमीचीही सोय आहे बरं. ‘चेक मोड’ म्हणतात. यंत्राला धक्का न लावता काय काय होईल ते दाखवतो. साहेब खूश, ऑडिटवाला खूश. फक्त शेलच्या ओळी त्या तालमीत बहुधा वगळल्या जातात, कारण त्या चालवल्याशिवाय काय करतील हे टूलला कळणार कसं? म्हणजे प्लेबुकातली सगळ्यात धोक्याची ओळ तालमीला गैरहजर.

ती थेट प्रयोगालाच येते.

आणि शेलचे मार्क! इथं शून्य म्हणजे पास, बाकी कुठलाही आकडा म्हणजे नापास. आमच्या झेडपीच्या शाळेत शून्यवाल्याला बापाला घेऊन ये म्हणायचे. इथं शून्यवाल्याला कुणी काही विचारतच नाही.

विचारायला हवं. डेटाबेसचा बॅकअप घ्या. मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप काढायचा, पाइपमधून, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला देत, दाबून लहान करणाऱ्या जीझिपच्या हाती द्यायचा, फाइल ठेवून द्यायची. एका ओळीचं काम. मधेच कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. डंप पहिल्याच पावलाला कोलमडला. जीझिपच्या हाती काहीच आलं नाही. त्यानं ते ‘काहीच नाही’ मन लावून दाबलं, वीस बाइटची फाइल केली आणि कळवलं, शून्य. पाइपमध्ये कितीही जण उभे असोत, शेल शब्द धरतं शेवटच्याचा.

पास!

चारशे मशीन, चारशे फाइली, प्रत्येकी वीस बाइट. महिन्याच्या बैठकीत स्लाइड आली, बॅकअप शंभर टक्के. टाळ्या.

‘पाइपफेल’ नावाचा उपाय आहे, एका ओळीचा. पाइपमधला कुणीही पडला तरी नापास धरा, असं सांगतो. बॅश नावाच्या शेलमध्ये तो चालतो. पण ॲन्सिबल आपणहून बॅश वापरत नाही, साधं ‘एसएच’ वापरतं. आणि उबंटूच्या बऱ्याच मशिनींवर त्या ‘एसएच’ला हा उपाय ठाऊकच नाही. मग तिथं उपायाच्याच ओळीवर लाल एरर येते. पोरगा काय करतो? बॅश वापर असं सांगायला आणखी एक ओळ लागते.

तो उपायाची ओळ काढतो. एरर गेली.

हे फक्त आपल्याकडचं, असं समजून सुस्कारा टाकू नका. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका थकलेल्या इंजिनिअरनं डेटाबेसची डिरेक्टरी उडवायची कमांड दिली. उडवायची होती दुय्यम सर्व्हरवरची. उडाली मुख्य सर्व्हरवरची. चूक क्षणभरात लक्षात आली. तोवर सुमारे ३०० जीबींतले साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधला. रोजचा बॅकअप जिथं जाऊन पडायचा ती जागा रिकामी निघाली. डंप काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून तो कैक दिवस नुसताच पडत होता. फसला की ईमेल यायची सोय होती ना? होती. तो ईमेल समोरचा सर्व्हर नाकारत होता.

वाचवलं कशानं, तर एका इंजिनिअरनं सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं काढून ठेवलेल्या प्रतीनं. तेवढ्या सहा तासांचा डेटा गेलाच.

या कंपनीचं एक मानायला हवं. दुरुस्ती चालू असताना तिनं ती यूट्यूबवर सगळ्या जगाला थेट दाखवली. आपल्याकडे अशा वेळी दारावर दोनच शब्दांचा कागद लागतो.

‘सर्व्हर डाऊन’.

रेशन दुकानातलं पॉस मशीन अंगठा घेत नाही. का? सर्व्हर डाऊन. आपले सरकार केंद्रात दाखला निघत नाही. का? सर्व्हर डाऊन. सेलूची म्हातारी उन्हात तिसऱ्यांदा चक्कर मारते आणि तिलाही आता हे दोन शब्द स्पष्ट उच्चारता येतात. सर्व्हर आपणहून डाऊन होत नाही आजी, बरेचदा कुणीतरी कुठूनतरी काहीतरी मारलेलं असतं. पण हे तिला सांगणार कोण? सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता प्लेबुकातला माझा सगळ्यात लाडका शब्दप्रयोग. ‘इग्नोअर एरर्स’, पुढं ‘येस’. काम फसलं तरी फसलं असं समजू नका, पुढं चला. इतका स्वच्छ आदेश मंत्रालयातूनही निघत नाही. आमच्या जिल्ह्याच्या माथी कुणीतरी कधीकाळी म्हण मारली, ‘बनी तो बनी, नही तो परभणी’. आम्ही ती पिढ्यान् पिढ्या ऐकून घेतली. ही ओळ लिहिणारे सगळे काय पूर्णा नि पालमचे आहेत? जगभरच्या प्लेबुकांत ती आहे.

म्हण त्यांच्याकडे वर्ग करा. आम्हाला हरकत नाही.

रिकाम्या जागेचा किस्सा ठाऊक आहे? स्क्रिप्टमध्ये लिहायचं, अमुक फोल्डरमधलं सगळं पुसा. ‘अमुक’चं नाव भरायचं राहिलं. मग उरतं, सगळं पुसा. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमवाल्या प्रोग्रामच्या लिनक्स आवृत्तीत नेमकं हेच निघालं. गेम खेळणाऱ्याच्या घरच्या फाइली साफ. बातमीत ‘दुर्मीळ परिस्थिती’ म्हणतात याला. ज्याच्या लेकीचे फोटो गेले त्याला म्हणून दाखवा.

बड्यांचं बडं असतं. २८ फेब्रुवारी २०१७. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. ॲमेझॉनच्या माणसानं उत्तर व्हर्जिनियातल्या साठवणसेवेचे मोजके सर्व्हर बाजूला काढायला कमांड दिली. ठरलेल्या प्लेबुकाप्रमाणेच दिली. कमांडमधला एक तपशील चुकला. मोजक्यांऐवजी ढीगभर सर्व्हर निघाले. अर्ध्या इंटरनेटची चार तास बोंब. लोक सेवा चालू आहे का ते पाहायला ॲमेझॉनच्या स्थितिफलकावर गेले. तिथं सगळं आलबेल. कारण फलक बदलायची सोयही त्याच बंद पडलेल्या सेवेवर टांगलेली.

तिरडीवरचाही सांगतोय, तब्येत ठणठणीत.

पण नंतर त्यांनी जे केलं ते ऐका. माणसाला मेमो देऊन थांबले नाहीत. टूलच बदललं. सर्व्हर एकदम निघणार नाहीत, हळूहळू निघतील; आणि किमान संख्येच्या खाली टूल जाऊच देणार नाही. चूक करणारा हात तोच, पण आता त्याला पोच कमी. आपल्याकडे उलट. पोच चारशे मशिनींची देतात आणि इंडक्शनला सांगतात, जबाबदारीनं वागा.

४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप मेलं. फेसबुकच्या कुणीतरी आपल्या जाळ्याची क्षमता मोजायला कमांड दिली आणि जाळंच बंद पडलं. असल्या कमांडी अडवायला एक तपासणारा प्रोग्राम बसवलेला होता. त्यातच बग. मग दुरून काही करता येईना, कारण दूर जायचा रस्ताच तर गेला होता. इंजिनिअर जातीनं डेटा सेंटरवर पोचले. सहा तास गेले.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं तसंच. एक अपडेट सुटलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले. दुरुस्ती? मशीनपाशी जा, सेफ मोडमध्ये घाला, एक फाइल उडवा. पुढच्या मशीनपाशी जा.

बिघडवायला एक कमांड. दुरुस्तीला पायपीट.

परभणीकराला यात नवल नाही. स्मार्ट मीटर दुरून बंद करता येतं म्हणे. जळालेली डीपी मात्र शेतकरीच वर्गणी काढून ट्रॅक्टरवर घालून नेतो, तीही स्वतः उचलून. ही डीपी दुरून बदलणारं टूल कुठल्या कंपनीनं काढलं तर कळवा, आम्ही गावजेवण घालू.

आणि दूरच्या कमांडी फक्त आपणच मारतो, असं कुणी सांगितलं? ३१ जुलै २०२४. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची भागीदारीतली कंपनी सहकारी नि ग्रामीण बँकांची संगणकव्यवस्था सांभाळते. तिच्यावर रॅन्समवेअर पडलं. लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं. सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचं यूपीआय, एटीएम बंद. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या म्हणण्यानुसार सुरुवात झाली ती एका पुरवठादाराच्या नीट न मांडलेल्या जेनकिन्स सर्व्हरपासून. जेनकिन्सचं काम काय? कमांडी आपोआप चालवणं.

दार आपण कमांड बाहेर पाठवायला केलं होतं. आत यायला ते कुणी विचारून वापरतं का?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेची २०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट तर जुनी झाली. आत शिरलेल्या मालवेअरनं एटीएमच्या यंत्रणेला खोटे होकार द्यायला लावले. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, वर हाँगकाँगला वेगळे पैसे वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. एक गोष्ट पैजेवर सांगतो. पैसे हातात पडले का, हे चोरांनी मोजून पाहिलं असणार.

चोर निकाल तपासतो. साव हिरवी ओळ पाहून झोपतो.

आता तर कमांड मारायलाही माणूस नको झालाय. एआयला सांगा, तो स्वतः लिहितो, स्वतः चालवतो. २०२५ च्या जुलैत रेप्लिट या कंपनीच्या एआयनं, कशालाही हात लावू नको असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर सांगितलं, परत आणता येणार नाही. परत आणता आला.

पुसायला आणि थापा मारायला आता एकच नोकर पुरतो. खर्चात बचत.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या डिजिटल शेतीचं केंद्र झालंय. चांगलंच झालं, व्हायलाच हवं. फवारणीला माणूस मिळत नाही, हे खरंच आहे. पण उद्या कुणी पुण्यात बसून सोनपेठच्या शेतावर कमांड सोडेल तेव्हा त्याच्या फाइलीत ‘इग्नोअर एरर्स’ असेल का, हे आज विचारायला हवं. सर्व्हर पुन्हा चालू करता येतो. तणनाशक पडलेली कपाशी करता येत नाही.

उपाय काय, असं विचारणारे वाचक मला पत्र लिहितात. उपाय ॲन्सिबलमध्येच पडून आहेत, फुकट. ‘लिमिट’ आहे, एकाच मशीनवर आधी चालवा. ‘सीरियल’ आहे; मग पाच, मग पन्नास, असे टप्प्याटप्प्यानं जा. शेलच्या ओळीला ‘क्रिएट्स’ जोडता येतं. त्यात सांगितलेली फाइल आधीच असेल तर ती ओळ चालतच नाही. काम झाल्यावर झालं का ते विचारायची वेगळी पायरी लिहिता येते. सगळं मिळून दहा-बारा ओळी. पण त्या लिहिल्यावर काम वीस मिनिटांऐवजी दोन तास घेतं आणि मॅनेजर विचारतो, उशीर का?

तिथं सांगा, साहेब, पाणी आलं का ते बघत होतो.

तर पुण्यातल्या परभणीकर पोरांनो, शुक्रवारी संध्याकाळी चारशे मशिनींवर काही सोडू नका, आणि गावाकडची ट्रॅव्हल्स धरण्याआधी काल रात्रीच्या बॅकअपच्या फाइलीचा आकार बघा. वीस बाइट असेल तर तिकीट रद्द करा.